मला कोणी प्यालं नाही

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. शाईनं लिहिलंत, खाली सही ठोकलीत, तारीखही घातलीत. ज्या बाटलीवरून तुम्ही एका माणसाला चोर ठरवलंत, ती बाटली मी. तेव्हा मला कोणी विचारलं नाही. आता न विचारता सांगते.

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी वाईन आहे. नाक मुरडू नका. मला प्या म्हणायला मी आलेली नाही, आणि आता मी पिण्याजोगी राहिलेलीही नाही.

माझा जन्म पोर्तुगाल देशातला, समुद्रकाठच्या एका घरच्या मळ्यातला. म्हातारा बाप आणि त्याच्या दोन मुली तिथं राबत. वाळूकडच्या वेलांना आंबट द्राक्षं लागत. खारा वारा खाऊन त्यांची साल जाड होई. टेकडीकडची द्राक्षं गोड आणि नाजूक. दोन्ही वेगळी तुडवली, वेगळ्या पिंपांत मुरवली. मग मिसळायचा दिवस आला तेव्हा थोरली म्हणे गोड जास्त घाला, धाकटी म्हणे आंबट. म्हातारा प्रत्येक पेला चाखून थुंकायचा आणि नकाराची मान हलवायचा. तिसऱ्या दिवशी मान हलली नाही. तीन भाग आंबट, दोन भाग गोड. तशी मी झाले. रंग कसा म्हणाल, तर शाळूचं धाट वाळू लागतं तेव्हा असतो तसा फिकट पिवळा.

त्या मुलींनी आम्हां बारा बाटल्यांना बूच मारलं, वर लाख लावली आणि पेंढ्यात आडवं निजवलं. बूच ओलं राहिलं तर फुगून घट्ट बसतं, सुकलं की आकसतं. एवढंच आमचं शास्त्र. शाळेत जावं लागत नाही त्याला.

बोटीनं मुंबई, आगगाडीनं सोलापूर. हादऱ्यांनी माझी लाख वाटेतच गळाली. सन सत्तावीसच्या थंडीत गिरणीच्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यात आमची पेटी उतरली. ती उघडली मैनुद्दीननं.

मैनुद्दीन त्या बंगल्याचा खानसामा, मूळचा मंगळवेढ्याचा. चौदा वर्षं त्यानं साहेबलोकांचं जेवण रांधलं. त्याच्याजवळ पत्र्याची एक डबी होती. नोकरी सुटताना प्रत्येक साहेब नोकराला एक चिठ्ठी देई: हा माणूस कसा आहे, ठेवावा की न ठेवावा. तशा पाच चिठ्ठ्या त्या डबीत होत्या. मैनुद्दीनला इंग्रजी वाचता येत नव्हतं. कागदावरच्या डागांवरून तो ओळखायचा, ही कुठल्या साहेबाची. त्या पाच कागदांवर त्याची भाकरी होती.

त्यानं आम्हांला पाण्याच्या रांजणाखालच्या ओल्या वाळूत आडवं ठेवलं. ते बघून कुंडलिक माळी हसला.

"मैनुभाई, बाळंतिणीवानी निजवलीस की रं त्यांना!"

"जी चीज निजून आली, ती निजूनच ऱ्हानार. तुज्या कलमांना मी काय शिकवतो का? मग?"

"न्हाय बाबा. पर तू पीत न्हाईस, खात न्हाईस, आन् जपतोस किती!"

"मीठ खातो की सायबाचं."

थंडी संपेपर्यंत अकरा बहिणी टेबलावर गेल्या. साहेबांनी वाहवा केली. मला मात्र राखून ठेवलं, कारण उन्हाळ्यात मुंबईहून मोठे साहेब यायचे होते.

फाल्गुनात साहेबांना हुक्की आली. जेवणघरात पश्चिमेच्या खिडकीसमोर काचेचं कपाट होतं. त्यात मला उभं करायचं, नाव पुढं करून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं.

मैनुद्दीन घुटमळला. "साहेब, खडी रखी तो बूच सूखेगा. धूप भी सीधी आती."

"तुम हमको सिखाएगा?"

मैनुद्दीननं मला उभं केलं. दुसरं काय करणार?

मग सोलापूरचा उन्हाळा लागला. दुपारी तीनपासून सूर्य काचेतून थेट माझ्या अंगावर. मी आत फुगत होते, गळ्याशी झिरपत होते. मैनुद्दीन रोज सकाळी माझ्या मानेवरचा चिकटा ओल्या फडक्यानं पुसायचा. बूच आकसलं, बाजूनं हवा शिरली. एप्रिलअखेर मी तीन बोटं खाली गेले आणि रंग चहासारखा झाला.

"हिला घाम फुटलाय की रं!" कुंडलिक म्हणाला. मैनुद्दीन हसला नाही. तो पुन्हा साहेबांकडे गेला. साहेबांनी वर्तमानपत्रातून डोकंही काढलं नाही, नुसता हात झटकला.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मोठे साहेब जेवायला आले. आमच्या साहेबांनी ऐटीत बूच ओढलं. त्याचा भुगा माझ्यात पडला. मोठ्या साहेबांनी घोट घेतला आणि हातरुमालात थुंकला.

साहेब, त्या वेळी तुम्ही खरं बोलू शकला असता. "मी उन्हात ठेवली, माझी चूक," एवढंच. त्याऐवजी इंग्रजीत, मैनुद्दीन ताटं घेऊन मागं उभा असताना, तुम्ही म्हणालात, "खानसाम्यानं निम्मी पिऊन वर चहाचं पाणी ओतलंय. गाढवाला तेही मापात ओतता आलं नाही." मोठे साहेब खो खो हसले. बोलणं न कळता, पाहुणा हसतोय म्हणून मैनुद्दीनही अदबीनं हसला.

ते हसणं मला अजून विसरता येत नाही, मित्रांनो.

दुसऱ्या दिवशी त्याला काढलं. "काम कमी आहे," एवढंच सांगितलं आणि चिठ्ठी दिली. त्यानं ती कपाळाला लावून डबीत ठेवली. मला उकिरड्यावर फेकायचा हुकूम होता, पण बाटली चांगली आहे म्हणून त्यानं मला घरी नेलं.

तीन बंगले तो फिरला. तिन्ही ठिकाणी चिठ्ठी वाचली आणि दार लागलं. चौथ्या दिवशी तो गल्लीतल्या यज्ञेश्वर मास्तरांकडे गेला. मास्तरांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"वाचा की मास्तर. मी काय ल्हान हाय का?"

"'स्वयंपाक बरा. साहेबाची दारू चोरून पितो आणि वर पाणी भरतो. ठेवू नये.'"

ज्यानं जन्मात थेंब चाखला नाही, त्याच्या हातात हा कागद! तो घरी येऊन भिंतीशी बसला. शेजारपाजारी कळलं तर मशिदीत कुठल्या तोंडानं जायचं?

त्याच्या बायकोनं, अजीजानं, मला उचललं. बूड हलवलं, वास घेतला. मग उठून मौलवीसाहेबांना विचारून आली: दारूचा आपोआप आंबून शिरका, म्हणजे व्हिनेगर, झाला तर तो हराम नाही. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि डोळे मिटले.

"या अल्ला, क्या काटता! पानी मिलाये होते तो ऐसा काटता क्या जी? जाव, चखाव उस सायबकू!"

मैनुद्दीन मला फडक्यात गुंडाळून बंगल्यावर गेला. साहेब व्हरांड्यात होते. त्यानं बशीत माझे चार थेंब ओतले. "साहेब, चखो. ये पानी है क्या?"

साहेबांनी वास घेतला. बशी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीतून त्या काचेच्या कपाटाकडे पाहिलं. त्यांना कळलं. मी समोर होते, मी सांगते, त्यांना कळलं.

"वो चिठ्ठी फाड दो," ते म्हणाले. "दूसरी देता. अच्छा बावर्ची लिखता."

"बडे साहेबकू एक खत लिखो साहेब. वो उस दिन मेरेपे हँसे थे. लिखो, मैनुद्दीनने नहीं पिया. बस."

साहेबांनी वर्तमानपत्र उघडलं.

मैनुद्दीन नवी चिठ्ठी न घेता परतला. अजीजा कडाडली, "नावाला काय तव्यावर भाजायचं? घ्यायची होती की!" रात्रीपर्यंत ती बोलली नाही. सकाळी मात्र तिनं माझ्यात कांदे घातले आणि त्याच्या भाकरीवर वाढले. आता तो स्टेशनबाहेर एका खाणावळीत भांडी घासतो. चौदा वर्षं रांधलेला हात.

मित्रांनो, वस्तू जपा असं सांगायची वस्तूंच्या आत्मकथांची रीत आहे. मी म्हणते, वस्तू खराब झाली तर होऊ द्या. फक्त ती कोणी खराब केली ते खरं सांगा, मग समोर मालक असो की मास्तर.

आणि साहेब, तुम्ही. बशी तुमच्या हातात होती, वास तुमच्या नाकात गेला होता, दौत टेबलावर होती. मोठ्या साहेबांना ते पत्र टाकलंत का? हो की नाही, एवढंच सांगा.