अकरा अंडी आणि एक थर्मामीटर

शुक्रवारी निशा शाळेतून अंडी उबवायची विजेची पेटी घेऊन घरी आली, तेव्हा शैलाला लेकीनं गड जिंकल्यासारखा आनंद झाला. पेटीत अकरा अंडी होती आणि प्रत्येकावर वर्गातल्या दोन-दोन मुलांची नावं पेन्सिलनं लिहिलेली. शनिवार-रविवार पेटी कुणाकडे जायची याच्या चिठ्ठ्या टाकत, त्यात या वेळी निशाचं नाव निघालं होतं. पापाटोएटो उपनगरातली आपल्या लोकांची भरली वस्ती सोडून ही तीन माणसं शैलाच्या नवऱ्याच्या, सुखदेवच्या नोकरीपायी देशाच्या पार दक्षिणेतल्या जेरल्डाइन नावाच्या चिमुकल्या गावात आली, त्याला आठ महिने झाले होते. तेवढ्यात निशाला वाढदिवसाचं एकही बोलावणं आलं नव्हतं. शैलाला ते फार बोचे. नऊ वर्षांच्या निशाला किती बोचतंय, हे विचारायची तिची छाती होत नव्हती.

"सोमवारी सकाळी परत आणा, एवढंच," वर्गाच्या बाई म्हणाल्या होत्या.

"काळजीच नको. आम्हाला हीप्स ऑफ एक्स्पीरियन्स आहे," शैलानं ठोकून दिलं. कोंबडीचा तिचा अनुभव रश्श्यापुरताच होता.

सोमवार उजाडला तो कडाकड आवाजानं. बाहेर गुडघाभर बर्फ. झाडांच्या फांद्या बर्फाच्या वजनानं मोडून पडत होत्या, विजेच्या तारांवर मनगटाएवढे जाड बर्फाचे थर चढले होते आणि रस्त्यापलीकडचा खांब चक्क आडवा झोपला होता. लाइट तर कधीच गेली होती. बॅटरीवरच्या रेडिओनं सांगितलं, शाळा बंद, रस्ते बंद, आणि वीज यायला कुठे कुठे आठवडेही लागतील.

निशा पेटीपाशी उभी होती. पेटीचा लाल दिवा विझलेला.

"मम्मी, दे आर गोइंग टू डाय," ती म्हणाली. "आणि सगळे म्हणतील, निशानं मारली."

शैलानं तिला जवळ घेतलं. तिच्या अंगात काहीतरी सळसळलं. गेले आठ महिने या गावात तिला करण्यासारखं काही नव्हतं. आज होतं.

"कोण मारतंय बघू," ती म्हणाली आणि तिनं बाह्या सरसावल्या.

आता या घराची गंमत अशी, की ते सगळं विजेवर चाले. सुखदेव इंजिनिअर. घर घेतल्या घेतल्या त्यानं घर गरम ठेवणारा लाकडं जाळायचा जुना बंब काढून टाकला, "धूर, राख, कोण उचलणार!" असं म्हणत विजेचा हीट पंप बसवला आणि सगळ्यांना कौतुकानं दाखवला. त्यामुळे गावात घरोघरी चिमणीतून धूर निघत होता आणि इथे तिघं स्वेटरवर स्वेटर घालून बसली होती. पण गराजमध्ये शैलाची गॅसची शेगडी होती. विजेच्या चुलीवर भाकरी फुगत नाही म्हणून तिनं हट्टानं घेतलेली. आणि शेगडीशेजारी दुसरा भरलेला सिलिंडर, कारण एक लागलेला असताना एक भरलेला नसेल तर तिला झोप येत नसे.

"दोन सिलिंडर कशाला, लग्न काढलंयस का कुणाचं?" असं सुखदेव तिला नेहमी चिडवायचा. आज तो गपचूप शेगडी पेटवत होता.

मग शैलानं जे रचलं ते बघण्यासारखं होतं. सहलीला थंड पेयं न्यायची जाड पेटी, इथली चिली बिन, घेतली. तिच्यात गरम पाण्यानं भरलेले तीन स्टीलचे डबे टॉवेलात गुंडाळून ठेवले, वर मऊ कापड, कापडावर अंडी, कोपऱ्यात पाण्याची वाटी. हवा यावी म्हणून झाकण बोटभर उघडं ठेवून त्यावर आईनं शिवलेली गोधडी. थंडीत दही लागावं म्हणून आई भांडं असंच गुंडाळून ठेवायची. आणि उष्णता मोजायला मुंबईहून आणलेला तापाचा काचेचा थर्मामीटर.

"शंभराच्या आसपास हवं," निशानं शाळेची वही बघून सांगितलं.

"म्हणजे जरा कणकण असल्यासारखं," शैला म्हणाली. "ते मला जमतं."

आणि जमलं की! दर दोन तासांनी डबे बदलायचे, पारा बघायचा. बुद्धपौर्णिमेच्या उरलेल्या मेणबत्त्या लावून तिघं जेवली, अंगावर सगळ्या रजया घेऊन चिली बिनेभोवती बसली. निशा एकेका अंड्याची खुशाली विचारी. "एमिली-जॅक जरा कडेला पडलेत, मधे घे ना त्यांना!" शैलाला हसू आवरेना. इतकी मजा या घरात कधी झाली नव्हती.

त्यात फोन. बिनतारी फोन निकामी झाला होता, पण जुन्या वायरवाल्याला वीज लागत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर नऊ वाजता तो वाजला. पलीकडे टामा, निशाच्या वर्गातला. तो आणि निशा एकाच अंड्यावर होते.

"किया ओरा. हाउज अवर एग?" माओरीत नमस्कार करून त्यानं विचारलं.

"वॉर्म," निशा म्हणाली. "आम्ही ते हॉट वॉटरवर ठेवलंय. माय मम इज अमेझिंग."

हे शैलानं गराजमधून ऐकलं आणि तव्यावरची भाकरी करपली.

त्या दिवशी टामानंतर आणखी दोघांचे फोन आले, बुधवारी पाच. आठ महिने मुका असलेला फोन वाजायचा थांबेना. पिल्लं गुरुवार-शुक्रवारकडे बाहेर यायची होती.

बुधवारी रात्री शैलाचे डोळे मिटायला लागले. दोन रात्री ती धड झोपली नव्हती.

"तू झोप. मी बघतो," सुखदेव म्हणाला. "त्यात काय आहे? शंभराच्या खाली आलं की डबे बदलायचे." त्यानं कागदावर वेळांचा तक्ता आखला, रेघा पट्टीनं मारल्या, आणि बायकोला रजईत ढकललं.

सकाळी शैला उठली तर उजाडलं होतं. सुखदेव खुर्चीत ताठ बसलेला, डोळे लाल, चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आल्याचं समाधान. त्यानं तक्ता पुढे केला. दहा वाजता शंभर. बारा वाजता शंभर. दोन, चार, सहा, सगळीकडे शंभर.

"एकदाही खाली आलं नाही," तो म्हणाला. "डबे बदलायची गरजच पडली नाही!"

उकळलेलं पाणी उतरवून ठेवलं तर तेही निवतं, आणि हे डबे रात्रभर निवले नाहीत? तिनं गोधडीखाली हात घातला. डबा गार होता.

"थर्मामीटर झटकला होतास?"

"झटकायचा? म्हणजे?"

तिनं थर्मामीटर उचलून तीनदा झटकला, अंड्यांमध्ये ठेवला, थांबली. पारा सर्वांत खालच्या रेघेपर्यंतही चढला नाही. तापाचा पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही. सुखदेव आठ तास संध्याकाळचाच आकडा पुन्हा पुन्हा वाचत होता.

त्याला ठाऊक तरी कुठून असणार? निशाचा प्रत्येक ताप त्यानं ऑफिसातून फोनवर ऐकला होता. शैलाला संताप आला, त्याचा आणि त्याहून जास्त स्वतःचा. तीन दिवस ती दर वेळी झटकत होती, पण हे सांगावं लागतं असं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

निशा मागे येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"यू किल्ड देम," ती बाबांना म्हणाली. रडली नाही, ओरडली नाही. भिंतीकडे तोंड करून बसली.

शैला गराजकडे धावली, पाणी ठेवलं. तेवढ्यात नऊ वाजले आणि टामाचा रोजचा फोन वाजला. निशानं कान झाकून घेतले. फोन वाजतच राहिला. शैला मनात खोटं जुळवत होती, सगळं ठीक आहे म्हणून सांगावं. पण तिच्या आधी सुखदेवनं फोन उचलला.

"टामा, मी निशाचा बाबा. रात्री अंडी गार पडली. चूक माझी आहे. निशाची नाही, तिच्या आईची नाही. मला थर्मामीटर वापरता आला नाही. हे तू सगळ्यांना सांग."

टामा "होल्ड ऑन" म्हणाला आणि त्याची आजी फोनवर आली. आवाज खरखरीत, पण मायाळू. तिनं पन्नास वर्षं कोंबड्या पाळल्या होत्या.

"कोंबडीसुद्धा दाणे टिपायला उठतेच की, बाळा," ती इंग्रजीतून म्हणाली. "तुझ्या कोंबडीला जरा जास्तच भूक लागली, एवढंच. हळूहळू ऊब द्या. भराभर नको. आणि कान लावून बसा. फेकून द्यायची घाई करू नका."

डबे पुन्हा भरले. या वेळी थर्मामीटर सुखदेवच्या हातात होता. तो दर अर्ध्या तासानं झटकत होता, इतक्या जोरात, की शैलाला तो फुटायची भीती वाटत होती. अकरा वाजले. एक वाजला. निशा भिंत सोडून आली, पण बाबांशी बोलेना. एकेक अंडं कानाला लावून परत ठेवी. एमिली-जॅक, काही नाही. हॅना-लिआम, काही नाही. सुखदेवनं काही खाल्लं नव्हतं. शैलानं भाकरीचा तुकडा तोंडासमोर धरला तर त्यानं मान हलवली.

चारच्या सुमाराला निशानं शेवटचं अंडं उचललं, तिचं आणि टामाचं. कानाला लावलं. डोळे मिटले. मग तिचं तोंड हळूहळू उघडलं आणि उघडंच राहिलं.

शैला पुढे वाकली.

निशा उठली. ते अंडं दोन्ही तळव्यांत धरून सरळ सुखदेवपाशी गेली आणि तिनं ते त्याच्या कानाला लावलं.

"बाबा, ऐक."

कवचाच्या आतून बारीकसा आवाज आला. च्यूं. मग पुन्हा, जरा रागानंच, च्यूं! सुखदेवचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडायला लागला. शैला रडत होती की हसत होती, तिचं तिलाही कळत नव्हतं.

"फोन!" निशा किंचाळली. "टामाला फोन!"

वायर काही चिली बिनेपर्यंत पोचेना. मग सुखदेवनं ती अख्खी चिली बिन गोधडीसकट उचलली आणि लग्नातल्या रुखवतासारखी जपत फोनपाशी नेऊन ठेवली. शैलानं नंबर फिरवला, निशानं रिसीव्हर अंड्याला चिकटवला. च्यूं, अंडं म्हणालं. मग टामानं आजीला मारलेली आरोळी तिघांनाही लख्ख ऐकू आली.

"नॅन! नॅन! ते बोलतंय! निशाकडे ते बोलतंय!"

निशा हसत सुटली. दुसऱ्या अंड्यातून उत्तर आलं, मग तिसऱ्यातून. "अजून कुणाकुणाला फोन करायचा?" असं म्हणत तिनं वर्गाची यादी पुढे ओढली. सुखदेवनं डोळे पुसले, थर्मामीटर उचलला आणि आधी तीनदा झटकला.