दुकान ते घर, व्हाया स्टँड

वडवणीत आमचं दुकान गल्लीच्या एका टोकाला आणि घर दुसऱ्या टोकाला. आईनं गच्चीवरून "जेवायला चला" म्हटलं की दुकानात अप्पांना ऐकू जायचं. अप्पा म्हणजे माझे वडील, सिद्धलिंगअप्पा. शहाण्णव साली जुनी जीप घेईपर्यंत ते ताट वाढून होईस्तोवर घरी यायचे.

जीप आल्यावर अंतर वाढलं. आमची गल्ली इतकी अरुंद, की आत जीप मागं वळत नाही. घराकडून दुकानाकडं ती सरळ जाते. पण दुकानाकडून घरी यायचं तर बाजारातून, एसटी स्टँडला वळसा घालून, बीड रोडनं गल्लीच्या मागच्या तोंडाशी यावं लागतं. बाजाराच्या दिवशी आईला गच्चीवरून आधी जीप निघताना दिसायची, मग धूर, मग बराच वेळ काहीच नाही. भाजी पुन्हा पुन्हा गरम व्हायची. सिलिंडर संपलं की अप्पा म्हणायचे, "आपल्या घरात गॅस लई जातो," आणि नवीन आणायला जीप काढायचे.

चालत या, असं कुणी म्हणत नव्हतं. आमच्याकडं गाडीवाला माणूस पायी दिसला की लोक एकच विचारतात, "गाडी बिघडली का?" हे ऐकण्यापेक्षा अप्पांनी थंड भाजी खाल्ली असती. खातही होते.

मी अंबाजोगाईला बीएस्सीला होतो. सुटीत घरी आलो तेव्हा ऊन असं होतं की कावळेही एकमेकांशी बोलायचे बंद झाले होते. मी अप्पांना समजावलं, की गाड्यांच्या, कारखान्यांच्या, झालंच तर आपल्या शेगडीच्याही धुरातला वायू वर साचतो. पृथ्वीवर गोधडी घातल्यासारखं होतं, उष्णता बाहेर पडत नाही.

"म्हंजे हे ऊन माझ्या जीपनं पडलं?"

"थोडं."

"किती?"

एवढा बारीक आकडा आमच्या कॉलेजात शिकवत नसत.

"महांतेश, मी जीप बंद केली तर अमेरिका बंद करणार हाय का?"

"विचारावं लागेल."

"मग इचार आन् सांग," असं म्हणून त्यांनी समोर दिसणाऱ्या दुकानाकडं जीप काढली.

त्यांचं चुकतंय हे मला सिद्ध करता आलं नाही. आमच्या जीपचा वाटा धरला काय, न धरला काय, पृथ्वीला कळलंही नसतं. फक्त मनात येत राहिलं, की ज्यांचा वाटा धरण्याइतका नाही अशाच माणसांनी जग भरलंय, आणि सगळे एकाच वेळी जेवायला निघालेत.

तेवढ्यात बहिणीचं, ईश्वरीचं, लग्न ठरलं. रुखवताच्या कुरडया करायला गल्लीतल्या बायका आमच्या दारात बसल्या. पुढारपण चंद्रभागाबाईंकडं, गल्लीतल्या एकाही पोरीचं लग्न त्यांच्या कुरडईशिवाय लागलेलं नव्हतं. खाटांवर धोतरं अंथरून कुरडया घातल्या, की जीप यायची. बायका ओल्या कुरडयांसकट खाटा भिंतीला लावायच्या, धूर अंगावर घ्यायच्या, पुन्हा खाटा मांडायच्या.

पहिला घाणा वाळल्यावर चंद्रभागाबाईंनी एक कुरडई तळून आईच्या हातावर ठेवली.

"सांग नीलम्मा, कशाची चव लागती?"

आईनं खाल्ली. "डिझेलची."

"राग नको मानू बाई. उद्यापास्नं आमी माझ्या परसात बसणार. तुला जमलं तर ये."

आईला जमणार नव्हतं. ऐन कुरडयांच्या वेळेला अप्पा जेवायला निघालेले असायचे, आणि कधी पोचणार हे त्यांनाही ठाऊक नसायचं. म्हणजे लेकीच्या कुरडया सगळी गल्ली करणार आणि आई आत भाजी गरम करत बसणार. ती एवढंच म्हणाली, "उद्याचा एक दिवस माझ्या दारात बसा."

दुसऱ्या दिवशी दुकानापुढून जीप निघाली, तशी आई डबा घेऊन गल्लीतनं चालत सुटली. अप्पा स्टँड फिरून घरी पोचले तेव्हा स्वयंपाकघर रिकामं होतं.

"आई कुठंय?"

मी बोट दाखवलं. आई दुकानात, अप्पांच्या गादीवर, डबा पुढ्यात घेऊन वारा घालत बसलेली दिसत होती.

अप्पांनी जीप चालू केली. समोर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खाटा. त्यांनी हॉर्न वाजवला.

"हात चिकानं भरलेत अप्पा," चंद्रभागाबाई मान वर न करता म्हणाल्या. "वाळू द्या, मग उचलतो."

"कवा वाळणार?"

"परवा."

मागं पाण्याचा टँकर येऊन उभा होता आणि त्याला घागरींचा वेढा पडला होता. अप्पा भुकेला फार कच्चे. ते उतरले आणि खाटांमधून वाट काढत चालू लागले.

पहिल्याच ओट्यावर धुळाजी बसलेला. "अप्पा, गाडी बिघडली का?"

मागं जीप चालूच होती. उतरताना तिला बंद करायचं त्यांना सुचलं नव्हतं. अप्पांनी तिच्याकडं एकदा बघितलं. "हां," ते म्हणाले. "बिघडली."

मी जाऊन किल्ली फिरवली आणि तिला बिघडवलं.

त्या दिवशी अप्पांनी दुकानात बसून गरम भाकरी खाल्ली. पण बातमी गावभर झाली आणि न बोलावता गहिनीनाथ मेकॅनिक पाने घेऊन आला. गल्ली गोळा झाली. त्यानं किल्ली फिरवली, जीप पहिल्या झटक्यात चालू झाली.

"नीट बघ बे," अप्पा म्हणाले.

गहिनीनाथनं अप्पांकडं बघितलं, खाटांकडं बघितलं. "लई आतलं काम हाय," तो गंभीरपणे म्हणाला. "पार्ट बाहेरून मागवावा लागंल."

खोटं टिकवायला अप्पांना रोज चालावं लागलं. बायका आमच्याच दारात बसल्या. आई त्यांच्यात बसायची आणि अप्पा येताना दिसले की उठून ताट वाढायची. ऊन तेवढंच होतं. कुरडया मात्र पांढऱ्याशुभ्र निघाल्या.

शेवटचा डबा भरला, खाटा गेल्या, गल्ली मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा किल्ली घेऊन बाहेर आले. आई उंबऱ्यात उभी होती. समोरच्या दारातून चंद्रभागाबाईंनी विचारलं, "काय अप्पा, आला का पार्ट?"

अप्पांनी मोकळ्या गल्लीकडं बघितलं. मग किल्ली खिशात टाकली.

"आला," ते म्हणाले, "पण बसंना," आणि दुकानाकडं चालू लागले.