नाव तर लिहिलं नव्हतं!

मी मोडेम बोलतोय. बोलतोय कसला, किंचाळतोय! टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट आणणारं काळं डबडं मी. आधी खर्रर्र, मग किर्रर्र, आणि मग अख्खी दुनिया घरात.

जन्म तैवानचा. नव्व्याण्णव साली ॲडव्होकेट दीनानाथांनी मला दिल्लीच्या नेहरू प्लेसमधल्या कॉम्प्युटर बाजारातून नोएडाच्या नव्या फ्लॅटमध्ये आणलं. माणूस पुण्याचा, पुढच्या खोलीतच ऑफिस. साधनाताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला हळदकुंकू लावलं. बरं वाटलं हो तेव्हा!

मला कशाला आणलंय ते मग कळलं. वकिलांचा ई-मेलवर एक ग्रुप होता. कोर्टातून आले की दीनानाथ काळा कोट काढायच्या आधी मला चालू करायचे. कुणी निकाल टाकायचा, कुणी कलमांचा कीस पाडायचा. कामाचंही असायचं त्यात, नाही म्हणत नाही. पण निम्मी नुसती शेखी! साधनाताई ओरडायच्या, "अहो, फोन कधी सोडणार? आईंचा फोन यायचाय!"

"बस, दो मिनिट यार!"

एक दिवस ऑफिसच्या त्या खोलीत विजयमाला नावाची अशील आली. तिचा नवरा, कृष्णात त्याचं नाव, फौजेत होता, तो वारला. ती कँटोन्मेंटमध्ये राहायची, आणि सासू-सासऱ्यांनी तिच्या पाच वर्षांच्या मुलीचा, सोनमचा, ताबा कोर्टात मागितला होता.

"वकीलसाहेब, एक सांगू? हे गेल्यावर मी झोपेच्या गोळ्या घेतल्या होत्या. शेजारणीनं वाचवलं. माहेरीपण ठाऊक नाही. कळलं तर पोरगी जाईल माझी."

बोलता बोलता ढसाढसा रडली बिचारी.

"बिल्कुल निश्चिंत राहा, वहिनी. या चार भिंतींच्या बाहेर जाणार नाही."

चार भिंती! अरे, मी टेबलावर बसलो होतो तो काय शोभेला?

त्याच संध्याकाळी त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'मित्रहो, एक मजेदार मुद्दा आलाय.' जवानाची विधवा, दिल्ली कँटोन्मेंट, पाच वर्षांची मुलगी, गोळ्या, सगळं लिहिलं. फक्त नाव गाळलं. हीच यांची रीत. नाव गाळलं की झालं, गुपित राखलं! मी घसा फाटेस्तोवर किंचाळलो. त्यांना वाटलं, लाइन खराब आहे.

उत्तरांचा पाऊस पडला. कलमं, निकाल, वाहवा. त्या पोरीचं काय होणार, असं एकानंही विचारलं नाही. आणि त्याच ग्रुपात सासऱ्यांचा वकील गुपचूप वाचत बसला होता.

पुढच्या तारखेला त्यानं भर कोर्टात तिला गोळ्यांचं विचारलं. तिला खोटं बोलता येईना. कोर्टानं ताबा सासू-सासऱ्यांना दिला, आणि सोनमला आजी-आजोबा गावी घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी विजयमाला आली. या वेळी रडली नाही.

"साहेब, हे मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

"मी सल्ल्यासाठी ग्रुपवर विचारलं होतं, वहिनी. पण नाव तर लिहिलं नव्हतं!"

"नाव सोडून काय ठेवलंत मग?"

दीनानाथ फायलीची पानं उलटत बसले. अस्सा संताप झाला माझा! मेल्या, मान वर करून बघ तरी तिच्याकडे!

ती जिना उतरली असेल-नसेल, त्यांनी मला चालू केलं. 'मित्रहो, त्या प्रकरणात नवी घडामोड...'

आता मी माळ्यावर धूळ खातोय. खाली नवा डबा आलाय, ब्रॉडबँडचा. गुणी म्हणे, आवाज करत नाही. मी निदान बोंब तरी ठोकायचो! म्हणून बायांनो, बाबांनो, हात जोडून सांगतो. वकिलापुढं मन मोकळं करायला जाल, तेव्हा आधी कोपऱ्यातल्या त्या लुकलुकणाऱ्या डब्याची वायर काढायला लावा. मग रडा.