ताठ गुडघा

दामूने वामन मास्तरांची मान धरून डोकं मल्लखांबावर आपटलं, पण खांबाला एरंडेल चोपडलेलं, त्यामुळे डोकं लागायच्या ऐवजी निसटलं आणि दोघेही हौद्याच्या मातीत कोसळले. मास्तर खाली, दामू वर. दामूने मास्तरांचा उजवा हात चाचपून शोधला, मनगटाशी धरला आणि अडकलेला दोर सोडवताना देतात तसा एक पीळ दिला. हाड मोडल्याचा आवाज आखाड्याच्या पत्र्याच्या शेडबाहेर उभ्या असलेल्यांनाही ऐकू गेला.

"ह्याच हातानं मारतोस ना माज्या पोरीला? मार आता!"

मास्तर ओरडले नाहीत. तोंडात गेलेली माती त्यांनी थुंकली आणि मोडका हात पोटाशी घेतला. अणुभट्टीच्या कामावरचे मजूर घिवली गावाच्या वाटेने परतत होते. त्यांतले दोघे धावत आत आले आणि दामूला मागून कवेत धरून ओढू लागले.

"अरे छोड़ दो भाई, मर जाएगा!"

हंसा तेव्हा वर होती. तुळईला बांधलेल्या सुती दोरीवर, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात दोरी पकडून ती उलटी लटकली होती, दोन्ही हात पसरून. बापाने मास्तरांना लोळवलं ते तिने सगळं उलटंच पाहिलं. तरी तिने घाई केली नाही. आधी ती पकड पुरी केली, मग सरळ झाली, खाली उतरली, रिवाजाप्रमाणे सलामी दिली आणि मग बापासमोर येऊन उभी राहिली.

"हात मोडलास," ती म्हणाली. "रविवारी पालघरला निवड हाय, आन् तू हात मोडलास."

दामूला वाटलं होतं, पोरगी गळ्यात पडून रडेल.

आदल्या दिवशी चंद्रकांतेने, त्याच्या बायकोने, लेकीच्या पाठीला तेल लावताना वळ पाहिले होते. पोटऱ्यांवर जुने, काळे पडलेले आणि पाठीवर ताजे. एकोणीस वर्षांच्या पोरीच्या अंगावर बापाने कधी बोट टेकवलं नव्हतं, आणि परका माणूस दोरीच्या तुकड्याने तिला झोडत होता. छडी लागे छमछम, विद्या येई घमघम, हे म्हणणाऱ्यांचं काय जातं! ज्याच्या पोटचा गोळा मार खातो, त्याला विचारा.

पण खरं बोलायचं तर पोरगी मास्तरांच्या पदरात घातली ती दामूनेच. हंसा लहान असताना त्यांच्या दांडी गावच्या किनाऱ्यावर त्याच्या होडीच्या डोलकाठीला शिडाचा दोर अडकला. खलाशी कोण चढणार म्हणून हुज्जत घालत होते, तोवर ही वर गेली, दोर सोडवला आणि पायांच्या बोटांत दोर धरून डोकं खाली करून घसरत आली. सुके बोंबील घ्यायला आलेले वामन मास्तर ते बघत राहिले. पोरगी द्या, म्हणाले. दामूची छाती फुगली आणि तो हो म्हणाला. मग बक्षिसं आली. एवढी घोडी झाली तरी आखूड चड्डीत लटकते, असं गावातल्या बाया बोलू लागल्या, तेव्हा त्यांच्याशी भांडायलाही तोच उभा राहिला. आता पालघरला जी पहिली येईल ती राज्याच्या संघातून उत्तरेला, साऱ्या देशाच्या स्पर्धेला जाणार होती. हंसाला दुसरं काही नको होतं. झोपेतसुद्धा तिचे पाय दोरी धरल्यासारखे आवळलेले असत.

मास्तरांनी पोलिसात तक्रार केली नाही. हाडवैद्याकडून हात बांबूच्या कामट्यांत बांधून घेतला आणि दुसऱ्या दिवशी आखाड्यात येऊन बसले. आता ते फक्त तोंडाने सांगत होते. "गुडघा, हंसा. गुडघा." बस, एवढंच.

त्या संध्याकाळी हंसा घरी आली ती हनुवटी फुटलेली घेऊन. रक्त गळ्यावरून ओघळून सदऱ्यात वाळलं होतं. चंद्रकांतेने कपाळाला हात लावला आणि हळद आणायला धावली.

"पडलीस?" दामूने विचारलं.

"दोनदा. गुडघा वाकतो. मास्तर मारत नाय आता." तिने हळद लावू दिली, पण नजर बापावरून काढली नाही. "मार बसनार हाय असा ठावक असला का पाय आपोआप ताठ ऱ्हातो. आता काय बी ठावक नाय. वर गेली का पाय माजा नसतोच."

"अगो, त्यो तुला गुरासारखा बडवत होता!"

"मंग? तुला कोनी बोलावला होता मदी? मी तुज्याकडं रडत आली होती?" ती उठून उभी राहिली. "रविवारी मी पडली ना बाबा, तर ती तुज्यामुलं पडली. मरेपर्यंत सांगंन सगल्यांना."

दामूचा हात उठला. उठला तो कानशिलाच्या उंचीवर जाऊन थांबला, कारण समोर पोरगी मागे सरली नव्हती. तिने टाचा जुळवल्या होत्या. गुडघे ताठ, पोट आत, मान सरळ. डोळे मिटून ती वाट बघत होती. चंद्रकांता हातातली हळद तशीच धरून उभी राहिली. दामूने हात खाली घेतला आणि तो बाहेर जाऊन होडीच्या कडेला टेकून बसला. 

आपल्या हाताने मोडलेलं आपल्याच हाताने सांधायला हवं, हे त्याला कळत होतं. कसं, ते कळत नव्हतं. मल्लखांबातलं त्याला ओ की ठो येत नव्हतं. त्याला फक्त दोर कळत.

पालघरला प्रत्येकीने आपापली दोरी न्यायची अशी रीत होती. शनिवारी हंसा बोईसरला डॉक्टरला हनुवटी दाखवायला गेली, तेव्हा तिची दोरी वेटोळं होऊन ओटीवर पडली होती. दामूने ती हातात घेतली आणि होडीवरचा तांडेल घेतो तशी बोटांखालून सरकवत तपासली. मऊ सूत, वापरून वापरून आणखी मऊ झालेलं. एके ठिकाणी पेड विरला होता. त्याला घाम फुटला. असल्या दोरावर त्याने होडीसुद्धा नांगरली नसती, आणि ह्याच्यावर पोरगी छताएवढ्या उंचीवर उलटी लटकत होती! पोरीचा गुडघा वाकतो तो माराअभावी नव्हे, दोरी दगा देईल ह्या भीतीने, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. बुडत्याला काडीचा आधार.

अंगणात जाळ्यांसाठी ऐनाची साल उकळत होती. दांडीत सगळे तेच करतात. त्या लाल काढ्यात बुडवून काढलेला दोर खाऱ्या पाण्यात कुजत नाही, तुटत नाही, पिढ्या पुरतो. दामूने विरलेला पेड नव्या सुताने गुंफून घेतला, दोरी काढ्यात सोडली, दगड ठेवून दाबली, सूत रंग पिऊन फुगेपर्यंत उकळली. मग दोन खुंट्यांमध्ये ताणून वाऱ्यावर वाळवली. वाळल्यावर ती विटकरी रंगाची, सळईसारखी टणक झाली. त्याने ती गोणपाटात बांधली आणि वर गाठ मारली. कितीतरी दिवसांनी त्याला पोटभर जेवण गेलं.

पालघरच्या मैदानात शैला नावाच्या मुलीने सगळ्यांचे डोळे दिपवले. पाणी वाहावं तशी ती दोरीवरून वरखाली झाली. मग हंसाचं नाव पुकारलं. स्वयंसेवकांनी गोणपाट सोडलं आणि विटकरी दोरी कमानीला टांगली, तेव्हा लोकांत कुजबुज झाली. मास्तर गळ्यात हात अडकवून पुढे आले. डाव्या तळव्याने त्यांनी दोरी चाचपली आणि तळवा उलटा करून पाहिला. खवणीवरून फिरवल्यासारखा तो लाल झाला होता.

"हे काय केलंस, दामू?"

"मजबूत केली, मास्तर. आता बैल बांदा, तुटनार नाय."

मास्तरांनी तळवा त्याच्यासमोर धरला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच दामूला सोसवेना. "अरे, ही दोरी अंगाला गुंडाळायची असते," ते हळू आवाजात म्हणाले. "मांडीला, काखेला, कमरेला. म्हणून तर सूत. ही सोलून काढेल तिला." मग हंसाकडे वळून म्हणाले, "मी शैलाच्या गुरुजींना विचारतो. त्यांची दोरी देतील ते."

हंसाने दोरी पायाच्या बोटांत धरून दाबली. एकदा, मग पुन्हा, जरा जोराने.

"नको," ती म्हणाली.

पहिल्याच वेढ्याला मांडीची साल निघाली. दुसऱ्याला काखेत रक्त आलं. तिने दोरी कमरेला घेऊन अंग सोडलं, गरकन फिरली, आणि दोरीने सदऱ्यासकट कातडी ओढून नेली. खाली बसलेल्या एका बाईने पदर तोंडात कोंबला. पायाच्या बोटांमधून रक्ताची धार निघून विटकरी दोरीवरून खाली येऊ लागली. रंगात रंग मिसळला, म्हणून लांबच्यांना तो दिसला नाही. दामूला दिसला. आपण उकळलं ते काय, हे त्याला आता एकेका वेढ्याबरोबर कळत होतं, आणि प्रत्येक वेढा आपल्याच मांडीवर बसावा तसा तो कण्हत होता.

"उतर, हंसा!" तो ओरडला. "बास झाला! उतर!"

"हंसा, पुरे!" मास्तरही ओरडले. "उतर खाली!"

दोन्ही पुरुषांचं तिने ऐकलं नाही. ती उलटी झाली, दोरी पायाच्या बोटांत आवळली, हात पसरले. सगळं अंग त्या दोन बोटांवर टांगलेलं. दुसरा पाय हवेत ताणलेला होता आणि त्या पायाचा गुडघा ओळंब्यासारखा सरळ होता. जराही थरथरत नव्हता. पंच उभे राहिले.  मग ती उतरली आणि सलामी दिली, आणि टाळ्या पडल्या त्या थांबेनात.

हंसा पहिली आली.

मैदानाच्या कडेला विहिरीच्या कट्ट्यावर दामूने तिला बसवलं. बादलीत पाय घेऊन तो धुऊ लागला. बोटांमधलं कातडं हाताला लागत होतं आणि पाणी लाल होत होतं. बाजूला मास्तर उभे होते, तोंड फिरवून. दामू रडत होता आणि ते त्याला लपवताही येत नव्हतं.

"चुकला माजा, पोरी. आमी दर्यावरची मानसा, आमाला काय ठावक? जालून टाकतो ती दोरी. तुजी शपत, आजच जालून टाकतो. मास्तर नवी देतील, मऊ, तुला पायजे तसली."

हंसा भिजवलेले चणे खात होती. तिच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी तजेला आला होता. तिने आपला गुडघा ताठ करून पाहिला, वळवून पाहिला, हसली.

"जालू नको," ती म्हणाली. "आज मना एकदा पन गुडघ्याची भीती वाटली नाय, बाबा. मास्तरांचा मार खाली उभ्यानं बसायचा. ही वर बी सोडत नाय, पयल्यापासून शेवटापर्यंत धरून ऱ्हाते. तिकडं उत्तरेला जायच्या आदी हीच दोरी पुन्ना काढ्यात उकल. साल जास्त घाल."

मास्तरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. 

नाही म्हणायचं, असं दामूने मनात पक्कं केलं होतं. पाण्यातला तिचा पाय त्याने दोन्ही हातांत घट्ट धरला. वर बघितलं तर पोरगी त्याच्याकडे बघत होती, लहानपणी डोलकाठीवरून बघायची तसं, सगळा भरवसा टाकून.

"किती जास्त?" त्याने विचारलं.