भावनाची फ्रेंच आणि मी

मित्रांनो, जिजाबाईच्या घरातला हा काळा डबा म्हणजे मी, एक जुना स्पीकर. रूप बेताचंच, पण आवाज खणखणीत. म्हणजे होता. आता जरा खरखरतो.

कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. वर्ध्याच्या दुकानातून जिजाबाईच्या नवऱ्यानं, रामाजींनी, मला केळझरला आणलं. चौदा एप्रिलला मी वस्तीत भीमगीतं वाजवायचो. लोक म्हणायचे, "रामाजीच्या डब्यात दम आहे बाप्पा!" पुढे मिरवणुकीत डीजे आला आणि माझी रवानगी कपाटावर झाली. मला फार वाईट वाटलं.

तिथून मला खाली काढलं भावनानं. रामाजींची ही लेक सावंगीच्या दवाखान्यात नर्स. कॅनडात जिथे फ्रेंच बोलतात, तिथे तिला नोकरी हवी होती आणि मुलाखतही फ्रेंचमध्येच होती. क्लासमधलं व्याकरण तिच्या डोक्यावरून जायचं. फ्रेंचमधली प्रेमाची गाणी मात्र पटकन तोंडात बसायची. मग काय, रोज सकाळी माझ्या तोंडून विरहाचा पूर!

जिजाबाई तूर निवडत ऐकायची.

"काऊन रडून राह्यली माय ही बाई?"

"तिचा माणूस सोडून गेला तिले, आई."

"मंग तिच्या माहेरचे काय झोपले होते?"

हे काही गाण्यात नसायचं. भावना हसत हसत पदरचं उत्तर आधी फ्रेंचमध्ये जुळवायची, मग आईला मराठीत सांगायची. अशी ती बोलायला शिकली.

मुलाखत मोबाइलवर झाली, आणि ती घेणाऱ्या बाईंचा आवाज माझ्यातूनच येत होता. त्यांनी फ्रेंचमध्ये विचारलं, "घरचे भेटायला येत नाहीत म्हणून एक म्हातारा रुग्ण जेवत नाही. त्याला काय म्हणाल?"

भावनाचं पाठ केलेलं उत्तर साफ उडालं. तोंडात आली ती गाणीच. "माझ्याकडे बघ. मी तुला सोडून कुठेही जात नाही. तू उपाशी राहिलास तर माझ्याही गळी घास उतरणार नाही."

बाई खळखळून हसल्या. "अहो, हे तर प्रियकराशी बोलणं झालं!" मग म्हणाल्या, "पण म्हातारा जेवेल."

नोकरी मिळाली. पुढच्या आठवड्यात विमान आहे. काल भावना मला बॅगेत भरत होती, तर जिजाबाई म्हणाली, "याले राहू दे घरी. तू तिकडं नवा घेजो."

मित्रांनो, माझी बॅटरी आता थकली आहे. मला रोज चार्जिंगला लावावं लागतं, मोबाइलशी जोडावं लागतं. जिजाबाईला यातलं काही येत नाही. ती विचारत नाही, कारण विचारलं की लेक खरंच निघाली असं होईल. भावनाही शिकवत नाही. तिचंही तसंच असावं.

दूर निघालेल्या माणसाची बॅग सगळेच भरतात. मागे राहणाऱ्याचा हात धरून, बटण कुठलं दाबायचं तेवढं कुणीतरी दाखवा. पुढचं मी वाजवतो.