एकतिसावा संदर्भ

सरांचा लेख माझ्या टेबलावर आला तेव्हा आईला जाऊन पाच महिने झाले होते.

मी एका विज्ञान नियतकालिकात काम करते. लेख स्वीकारला गेला की छपाईआधी त्याची संदर्भसूची माझ्याकडे येते. लेखकाचं आडनाव, वर्ष, शीर्षक, खंड, पानं. कुठे स्वल्पविराम, कुठे तिरपा टाइप. नियम असा की मूळ लेख शोधून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनच त्या संदर्भापुढे खूण करायची. लोकांना हे काम रटाळ वाटतं. मला ते आईनं शिकवलं.

आई कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक होती. झाडाच्या खोडात वर्षावर्षाची वर्तुळं असतात तशा नदीतल्या शिंपल्यांवरही रेषा असतात. कोणत्या वर्षी पाणी आटलं, कोणत्या वर्षी कारखान्याची घाण मिसळली, हे त्या रेषांवरून सांगता येतं, असं तिनं अकरा वर्षं खपून दाखवलं. सर तिचे मार्गदर्शक. तिनं प्रबंधाच्या मसुद्याच्या दोन प्रती दिल्या, त्यांनी प्रत्येक प्रकरणावर ‘मिळाले’ लिहून सही-तारीख घातली, दुसरी प्रत तिला परत केली आणि पहिली कपाटात ठेवली. “बघतो बाई, जरा उसंत मिळू दे.” ती उसंत त्यांना निवृत्तीपर्यंत मिळाली नाही. बाबा त्यांना घरात ‘महामहोपाध्याय’ म्हणत. आई म्हणे, “अहो, हळू. फोन चालू असेल.”

आता टेबलावरचा लेख नदीतल्या शिंपल्यांवर होता आणि लेखक एकटे सर होते. मी स्वतःला बजावलं, माणूस त्याच विषयातला आहे, लिहिणारच. तीस संदर्भ तपासले. एकतिसाव्यापाशी हात थांबला.

तो लेख जगात कुणी लिहिलेलाच नाही.

आई प्रत्येक संदर्भासाठी एक कार्ड करायची. एकदा दुरुस्तीची पट्टी डकवताना डिंक जास्त झाला आणि दोन कार्डं एकमेकांना चिकटली. टंकलेखकानं वरच्या कार्डावरून लेखक आणि वर्ष घेतलं, खालच्या कार्डाच्या बाहेर आलेल्या कडेवरून शीर्षक आणि पानं. मसुदा सरांकडे गेल्यावर वर्षभरानं आईला हे कळलं. हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, “सरांना कळवत नाही. त्यांनी पकडलं, तर वाचलं असं समजेन.”

ती किती वर्षं वाट पाहत होती, मला माहीत आहे. दर वेळी दिवाणखाना आवरताना ती विचारायची, “सरांचा फोन?” पुढे विचारायचं सोडलं.

त्या रात्री घरी सूची आईच्या प्रतीशी ताडून पाहिली. पहिले चव्वेचाळीस संदर्भ आईचेच होते, तिच्याच क्रमानं. त्यानंतरचे नवे.

सरळ संपादकबाईंकडे जायला हवं होतं. मी गेले नाही. आमच्या पत्रांवर नाव नसतं, ‘संदर्भ विभाग’ एवढंच असतं. मी सरांना लिहिलं: ‘संदर्भ ३१ सापडत नाही. मूळ लेख आपण पाहिला आहे का?’

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘मूळ लेख माझ्या संग्रही असून मी तो बारकाईने अभ्यासला आहे. आपण फक्त स्वल्पविराम पाहावेत.’

इथे थांबता आलं असतं. पण मला त्यांच्याकडून आणखी हवं होतं. मी अत्यंत अदबीनं लिहिलं, ‘लेखाचा आशय दोन ओळींत कळवल्यास शोधणे सोपे जाईल.’ त्यांनी चार ओळींत कळवला. त्या लेखकाची पद्धत कुठे तोकडी पडते, तेही. मी ते उत्तर छापून घेतलं आणि जेवणाच्या सुट्टीत दोनदा वाचलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा मला चांगली भूक लागली होती.

मग आईची प्रत, सह्यांची पानं, दोन्ही खरे लेख आणि सरांची पत्रं घेऊन मी संपादकबाईंसमोर ठेवली.

“ही बाई कोण?” त्यांनी मसुद्यावरचं नाव पाहून विचारलं.

“माझी आई.”

“म्हणजे ही फाईल तू हातातच घ्यायला नको होतीस!”

“हो.”

“पहिल्याच दिवशी का नाही बोललीस?”

“तुम्ही काढून घेतली असती.”

त्यांनी सगळे कागद स्वतःकडे ओढले. “तुझ्यावर काय कारवाई करायची ते मी नंतर बघते. आधी यांना विचारते.” त्यांनी सरांना पत्र पाठवलं आणि सोबत सह्यांच्या पानांच्या प्रती जोडल्या.

तिसऱ्या दिवशी घरी फोन आला. बाबांनी उचलला, ऐकलं आणि माझ्याकडे दिला.

“बाळ, मी सर बोलतोय. आई गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं. हे बघ, थोडा गैरसमज झालाय. काम आम्ही दोघांनी मिळूनच केलं होतं. तुम्ही घरच्यांनी तसं एक पत्र दिलंत, तर मी तिचं नाव घालतो. हवं तर पहिलं घालतो. तिचं नाव छापून येईल, बाळ.”

ते खरं होतं. शिंपले सगळे त्यांच्या ताब्यात. ते पुन्हा तपासता येत नाहीत तोवर आईचे आकडे दुसरीकडे कुणी छापणार नव्हतं. माझ्या एका पत्रानं ती छापली गेली असती, नाहीतर बहुधा कधीच नाही.

“सर,” मी म्हटलं, “एकतिसावा संदर्भ सापडला का?”

“अं?”

“तुमच्या संग्रहातला. बारकाईनं अभ्यासलेला.”

“तू... तिथे आहेस?”

“मी फक्त स्वल्पविराम पाहते.”

“मॅडम, प्लीज. माझी चाळीस वर्षांची...”

“उत्तर संपादकांना द्या. आमचं पत्र येणार नाही.” मी फोन ठेवला.

आठवड्याभरात लेख नाकारला गेला आणि सगळे कागद सरांच्या संस्थेकडे गेले. मला दोन महिने बिनपगारी घरी बसवलं, तेही रास्तच होतं.

बाबांना मी सगळं सांगितलं. ते आईच्या खोक्यातली कार्डं उगाच वरखाली करत बसले होते.

“नाव आलं असतं गं तिचं,” ते म्हणाले.

“हो.”

“पहिलं देत होता म्हणतेस?”

“हो.”

मला वाटलं ते रागावतील. रागावले असते तर मी ऐकून घेतलं असतं, कारण मी हे आईसाठी केलं असं त्यांच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत नव्हती. त्यांनी खोक्याचं झाकण लावलं. खुर्ची माझ्या जवळ ओढली.

“पण ‘मॅडम’ म्हणाला?”

“म्हणाला.”

“आवाज कसा होता? सुरुवातीपासून सांग. घाई करू नकोस.”

मी सुरुवातीपासून सांगितलं.