बोटांनी पुसलेले गाव

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. बसडेपोच्या कंट्रोलरच्या खोलीत, ड्यूटीच्या फळ्याशेजारी, एका खिळ्यावर मी लटकतो. मला पाहिलेत तर आधी माझी ठिगळेच दिसतील. त्यातल्या एका ठिगळाबद्दल मला बोलायचे आहे, कारण ते मला आजही स्वस्थ बसू देत नाही.

माझा जन्म छापखान्यात झाला. जाड कागद, मागे कापडाचे अस्तर, वर-खाली लाकडी दांडे. डोंगर तपकिरी, समुद्र निळा आणि रस्ते लाल. जुने कंट्रोलर दर शनिवारी मला मऊ फडक्याने पुसत आणि नव्या ड्रायव्हरला बजावत, "गाडी नंतर, आधी हा पाठ करा." तेव्हा माझा थाट काही वेगळाच होता.

या डेपोत एक रीत होती. चहा घेताना प्रत्येकाने आपल्या गावावर बोट ठेवायचे आणि मगच त्याची बढाई मारायची. बोट न ठेवता बोलेल त्याचे कोणी ऐकत नसे. त्यामुळे झाले असे की ज्या गावावर जास्त माया, तेच गाव आधी पुसट होऊ लागले. ज्यांची कोणालाच आठवण येत नाही, ती गावे माझ्यावर अजून कोरी करकरीत आहेत.

सगळ्यात जास्त जुंपायची ती दोघांची. एक डोंगरातले ड्रायव्हर. त्यांना सगळे मामा म्हणत. दुसरा किनाऱ्यावरचा मेकॅनिक. त्याच्या खिशात कायम पाना असायचा, म्हणून त्याचे नावच पडले पाना.

"आमच्याकडे ढग खिडकीतून घरात येतात," मामा म्हणत.

"म्हणजे कपडे कधी वाळत नसणार."

"तुझ्याकडे वाळतात, पण घडी मोडली की वाळू पडते."

मग मामा गावाचा रस्ता सांगायला घेत. तिसरा पूल, चुन्याची भट्टी, वळणावरचे दगडी टाके. पाना मुद्दाम जांभया देई, पण ऐकत असे. अकरा वर्षे हे असेच चालले. दोघे डबा मात्र एकाच बाकावर बसून खात.

एके दिवशी मामांची जीभ घसरली. "पान्या, समुद्रालाही नको झालेली जमीन, तेच तुझं गाव." सगळे पोट धरून हसले. पाना हसला नाही. त्याच आठवड्यात समुद्राने त्याच्या घराची मागची भिंत नेली होती, आणि त्याने ते कोणाला सांगितले नव्हते. खोली रिकामी झाल्यावर तो माझ्यासमोर आला. त्याने स्क्रूड्रायव्हर काढला आणि मामांचे गाव, जवळच्या फाट्यासकट, अस्तर फाटेपर्यंत खरवडले. त्याच्या डोळ्यांत पाणी होते, त्यामुळे मला त्याचा रागही धड करता आला नाही.

तेव्हापासून दोघांचे बोलणे बंद झाले. डबे वेगळ्या बाकांवर गेले. मामांनी ते भोक पाहिले, पण इतकी वर्षे बोट लावून आपणच ते पाडले, असे त्यांना वाटले.

दोन वर्षांनी जुने कंट्रोलर निवृत्त झाले आणि नव्या बाई आल्या. त्यांना आठवडाही झाला नव्हता, तोच एका सकाळी फोन आला. मामांच्या गावावरचा कडा खचत होता. माणसांना खाली आणायला गाडी हवी होती. मामा लांबच्या फेरीवर होते. बाई धावत माझ्याकडे आल्या. गाव सापडेना. लाल रस्ता भोकात शिरत होता आणि पलीकडून डावीकडचा तेवढा बाहेर पडत होता. बाईंनी गाडी डावीकडे पाठवली. तो ड्रायव्हरही त्या बाजूला नवाच होता. मित्रांनो, वाट दाखवणे हे माझे एकच काम, आणि त्या दिवशी मी मिठाची गुळणी धरून बसलो.

दोन तासांनी पाना कसल्याशा कागदावर सही घ्यायला आत आला. बाई फोनवर म्हणत होत्या, "गाडी अजून पोचली नाही म्हणजे काय?" गावाचे नाव कानावर पडताच पाना पांढराफटक पडला.

"बाई, डावीकडे नाही. तिसऱ्या पुलानंतर उजवीकडे. चुन्याची भट्टी लागेल, पुढे दगडी टाकं, तिथून चढ."

"तुम्ही गेलाय तिकडे?"

"नाही. अकरा वर्षं ऐकलंय."

तो स्वतः दुसऱ्या गाडीत बसून गेला. गाव खाली आले, ते कायमचेच. मामांची आईही आली. पण गाडी येत नाही असे पाहून मामांचा थोरला भाऊ गोठ्यातली जनावरे सोडायला परत वर गेला होता. तो आला नाही.

पंधरा दिवसांनी मामा कामावर आले. सवयीने त्यांनी माझ्यावर बोट ठेवले. ते थेट भिंतीला लागले. पाना दारात उभा होता.

"मामा, ते मी खरवडलं."

मामांनी भोकातून बोट काढून घेतले. "मला वाटायचं, माझ्याच बोटानं गेलं," ते म्हणाले. मग म्हणाले, "का रे?"

"तुम्ही समुद्राचं बोललात ना, त्या आठवड्यात आमची भिंत गेली होती. आता घरच नाही. गावही उठलं."

मामांनी माझ्या निळ्या कडेकडे पाहिले. त्यांनी पान्याला माफ केले की नाही, हे मला ठाऊक नाही. डबे अजूनही वेगळ्या बाकांवरच उघडतात.

पण त्या संध्याकाळी बाईंनी मागून कागदाचे ठिगळ लावले, तेव्हा दोघेही थांबले. मामांनी पेन्सिलीने आपले गाव मांडले. फाटा पान्याने काढला. मग मामांनी त्याच्या हातातून पेन्सिल घेतली आणि निळ्या रंगाच्या अगदी कडेला, त्याच्या पुसट झालेल्या गावाचे नाव सावकाश गिरवले.

मित्रांनो, आपले गाव सगळ्यात सुंदर, असे खुशाल म्हणा. पण दुसऱ्याच्या गावाला हसण्याआधी, घरी सगळे बरे आहे ना, एवढे त्याला विचारा. आणि माझी एक विनंती आहे. कधी माझ्यासमोर आलात, तर लांबूनच बघा, बोट लावू नका. ती दोन गावे आता माझ्याशिवाय कुठेच उरलेली नाहीत, आणि दोन्ही नावे पेन्सिलीने लिहिलेली आहेत.